मैनेच्या कामाचा हिशेब

व्ही. शांताराम यांचा ‘माणूस’ १९३९ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीतून बाहेर पडला, तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं आणि जालना जिल्हा जन्माला यायला अजून बेचाळीस वर्षं अवकाश होता. एका पोलिस शिपायाची आणि एका वेश्येची ही प्रेमकथा, मध्येच खून घडतो आणि सगळं उधळून लावतो. मराठीतल्या थोर चित्रपटांची यादी निघाली की ‘माणूस’ तीत असतोच. पण त्याच्यावर आजवर जे लिहिलं-बोललं गेलं, त्याचा साचा ठरून गेला आहे. आधी शांतारामांच्या प्रतिभेचा गौरव, मग कॅमेरा, छायाप्रकाश, प्रतीकं यांची चर्चा, आणि शेवटी नायिका शांता हुबळीकर यांच्या उतारवयाची करुण कहाणी. दिग्दर्शकाच्या वाट्याला कर्तृत्व येतं, अभिनेत्रीच्या वाट्याला नशीब. त्यांनी पडद्यावर नेमकं काय केलं, ते कुठून शिकल्या, त्या कामाचं मोल काय, हा भाग या दोन्हींच्या मधे गळून पडतो. ही गफलत केवळ समीक्षेपुरती राहिलेली नाही. नटीचं काम काम म्हणून न नोंदण्याची जी सवय आपल्याला लागली, तिची किंमत नाटक-सिनेमात राबणाऱ्या बायका आजही मोजतात, आणि त्यांत जालन्यासारख्या जिल्ह्यातून आलेल्या बायका सर्वांत जास्त मोजतात.

आधी चित्रपट. त्या काळात ‘देवदास’ची मोहिनी देशभर पसरली होती. प्रेमभंग झाला म्हणून दारूत बुडून मरणारा नायक तरुणांना आदर्श वाटू लागला होता. शांतारामांना हे पटत नव्हतं आणि ‘माणूस’ हे त्याला दिलेलं उत्तर आहे. शाहू मोडक यांचा गणपत हा साधा, सरळमार्गी शिपाई. छाप्याच्या वेळी त्याची आणि वेश्या मैनेची, म्हणजे शांता हुबळीकरांची, गाठ पडते. तिला तो वाचवतो, तिच्यात गुंततो, तिला त्या वस्तीतून बाहेर काढायला बघतो. गणपतची आई देवभोळी आणि मायाळू आहे. ती मैनेला सून म्हणून स्वीकारायला तयार होते, पण मैनेचंच मन घेत नाही. आपला भूतकाळ या घराला बाधेल या धास्तीने ती मागे सरते. पुढे तिला पिळून खाणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो. गणपत तिला सोडवायला धावतो आणि ती नकार देते. शिक्षा भोगायला ती आपणहून जाते, गणपत आयुष्याकडे परत वळतो. कथा ए. भास्करराव यांची, मराठी संवाद अनंत काणेकरांचे, संगीत मास्टर कृष्णरावांचं.

आता हुबळीकरांचं काम जवळून पाहू. ‘कशाला उद्याची बात’ हे गाणं बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण ते ऐकण्याइतकंच पाहण्याचंही आहे. मैनेसमोर बसलेली गिऱ्हाइकं नाना प्रांतांतली आहेत, म्हणून गाण्यात गुजराती, बंगाली, तेलुगू, तमिळ अशा भाषांतली कडवी येतात. भाषा बदलली की तिचा आवाजाचा लहेजा बदलतो, मान वळवण्याची ढब बदलते, समोरच्याला किती जवळ येऊ द्यायचं याचा अंदाजही बदलतो. गिऱ्हाईक ओळखून त्याला हवं ते देणारी आणि मनाने त्या खोलीत नसलेली बाई, या दोन्ही गोष्टी हुबळीकर एकाच वेळी दाखवतात. चेहऱ्यावरचं हसू गिऱ्हाइकासाठी असतं, पण डोळे त्या हसण्यात सामील नसतात. दिग्दर्शकाने कॅमेरा कुठेही ठेवला तरी हे घडवायचं काम शेवटी नटीच्या अंगावर येतं. त्यातही लक्षात घ्यायची बाब अशी की प्रभातचे हे चित्रपट दोन भाषांत समांतर तयार होत. मराठीत ‘माणूस’, हिंदीत ‘आदमी’. मराठीतली मैना हिंदीत केसर. त्या काळी आजच्यासारखं नंतर आवाज चढवून भागत नसे, प्रसंग दोन्ही भाषांत वेगवेगळा चित्रित करावा लागे. हुबळीजवळच्या गावात जन्मलेली, घरची भाषा कन्नड असलेली ही अभिनेत्री एकच भूमिका दोन परक्या भाषांत दोनदा उभी करत होती, आणि आपली गाणी स्वतः गात होती. या एवढ्या कष्टाला ‘सहज अभिनय’ म्हणून मोकळं होणं हा अन्याय आहे.

ही तयारी आभाळातून पडलेली नव्हती. हुबळी-धारवाडचा तो पट्टा मराठी आणि कन्नड रंगभूमीचा सामाईक मुलूख. सवाई गंधर्व जवळच्याच कुंदगोळचे, आणि मराठी संगीत नाटकात त्यांनी नाव काढलं. शांताबाई पोरवयातच पोरक्या झाल्या, गाणं शिकल्या, नाटक कंपनीतून रंगमंचावर आल्या आणि तिथून बोलपटात. मराठी रंगभूमीवर तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषांनीच करायच्या, हा संकेत नुकता ढासळत होता. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रिया मंचावर आणल्या, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा वर्गाला ती क्रांती वाटली. पण शहरांपासून लांब, कंपन्यांच्या बिऱ्हाडांतून, तमाशांच्या फडांतून स्त्रिया त्याआधीही गात-नाचत-बोलत होत्या. फक्त त्यांची गणना ‘कलावंत’ म्हणून होत नव्हती. मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय असलेल्या बाईने माइकपुढे आवाज उतरवायला शिकणं, ही मोठी कसरत असते. ‘माणूस’मध्ये हुबळीकरांचा आवाज बघा: वस्तीत मोठा, खडा, थोडा उर्मट, गणपतच्या आईपुढे दबका, जवळजवळ घशातच अडकलेला. रंगमंचाने दिलेला पल्ला आणि सिनेमासाठी त्यातला नेमका तुकडा निवडण्याची अक्कल, दोन्ही त्यात दिसतात.

आणि मग तो खून. मराठीत प्रेमकथेत गुन्हा शिरला की बहुतेक वेळा बाई त्या गुन्ह्याची शिकार असते. २०१६ च्या ‘सैराट’मधली आर्ची गाडी चालवते, पिस्तूल झाडून परश्याला सोडवते, घर सोडते, पण शेवटचा वार तिच्यावर होतो आणि तो घरच्याच माणसांकडून होतो. नागराज मंजुळे यांनी समाजाचा आरसा दाखवला, त्यात खोटं काही नाही. ‘माणूस’मध्ये गणित उलटं आहे. इथे बाईच्या हातून गुन्हा घडतो आणि पुढचा प्रत्येक निर्णय तिचा असतो. गणपत कायद्याचा माणूस असून कायदा मोडायला निघतो. कायदा मोडलेली मैना त्याला परत जागेवर बसवते. हुबळीकर हा प्रसंग रडून, ओरडून करत नाहीत. एका थकलेल्या माणसाच्या शांतपणाने करतात, जणू हिशेब कधीचाच मांडून झाला आहे आणि आज फक्त बेरीज वाचून दाखवायची आहे. चित्रपटाचं नाव ‘माणूस’ असलं तरी माणूस म्हणून पुरती वाढ होते ती मैनेची. गणपतला जगायची वाट सापडते ती तिच्या निर्णयामुळे. देवदासला दिलेलं उत्तर शांतारामांनी योजलं असेल, पण पडद्यावर ते उच्चारलं शांताबाईंनी.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो हलका नाही. प्रभातमध्ये दिग्दर्शकाचा शब्द शेवटचा असे. नटनट्या पगारी नोकर होते. कुठे बघायचं, किती पावलं चालायचं, कधी थांबायचं हे शांताराम ठरवत. मग श्रेय त्यांचंच नव्हे का? दिग्दर्शकाचं श्रेय त्यांना मिळालंच पाहिजे, आणि शांतारामांइतकी तालीम करून घेणारे दिग्दर्शक विरळा. पण हाच न्याय बाकीच्यांना लावून बघा. मास्टर कृष्णराव पगारी होते म्हणून गाण्यांच्या चालींचं श्रेय कोणी शांतारामांना देत नाही. काणेकरांच्या संवादांचं श्रेय काणेकरांकडेच राहतं. शाहू मोडक पुढच्याच वर्षी ‘संत ज्ञानेश्वर’ झाले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरच्या सात्त्विकतेचं कौतुक त्यांच्याच नावावर जमा झालं. नटीपाशी आलं की मात्र घडवणारा दुसरा आणि घडलेली ती, असं ठरून जातं. त्यातून पगारी नोकर असण्याचा मुद्दा उलट बाजूनेच बोलतो. जी नोकर आहे तिचं काम मोजता आलं पाहिजे, आणि कामाचा मोबदला व हक्क यांची चर्चा करता आली पाहिजे.

ती चर्चा त्याच वर्षी, त्याच स्टुडिओच्या फाटकाशी झाली होती. १९३७ च्या ‘कुंकू’मधली नीरा, म्हणजे शांता आपटे, जुलै १९३९ मध्ये करार आणि पगार यांच्या वादातून प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या. म्हाताऱ्याशी लग्न लावून देणाऱ्या घराला पडद्यावर नकार देणारी नीरा पाहून ज्या महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या, त्याच महाराष्ट्राला तिची नटी पगारासाठी रस्त्यावर बसलेली पाहून नवल वाटलं. पुढच्या वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. सिनेमात येऊ पाहणाऱ्यांना या धंद्याचं आतलं रूप दाखवणारं, पिळवणुकीबद्दल बोलणारं हे पुस्तक आपल्या श्रमसाहित्यात मानाने गणलं जायला हवं होतं. त्याऐवजी शांता आपटे ‘भांडकुदळ’, ‘तापट’ ठरल्या. पगाराबद्दल बोलली ती भांडकुदळ, आणि बोलली नाही ती अभागी; नटीसाठी आपण एवढे दोनच खण ठेवले.

हुबळीकर दुसऱ्या खणात जाऊन पडल्या. ‘माणूस’च्या आधी ‘माझा मुलगा’ (१९३८), नंतर विश्राम बेडेकरांचा ‘पहिला पाळणा’ (१९४२), त्याच वर्षी कन्नडमध्ये गुब्बी वीरण्णा यांच्याबरोबर ‘जीवन नाटक’: तीन भाषांत पसरलेली कारकीर्द. चाळीसच्या दशकानंतर ती आटत गेली. अखेरची वर्षं वृद्धाश्रमात गेली. १९९० साली ‘कशाला उद्याची बात’ याच नावाचं त्यांचं आत्मचरित्र आलं आणि १९९२ साली त्या गेल्या. त्यांच्याविषयीचे लेख बहुतेक वृद्धाश्रमापासूनच सुरू होतात. उद्याची फिकीर करू नका म्हणणाऱ्या नायिकेच्या वाट्याला असा उद्या यावा, हा दैवदुर्विलास, असं म्हणून लेखणी टाकली जाते.

कोणी म्हणेल, जे घडलं ते करुणच होतं, मग ते करुण म्हणून सांगण्यात वावगं काय? करुणेला कोणाचीच ना नाही. आक्षेप आहे तो दैवाला. म्हातारपणी हातात पैसा नसणं ही ग्रहदशा नव्हे. मासिक पगारावर काम करणाऱ्या माणसाला निवृत्तिवेतन नव्हतं. चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या दाखवले गेले, गाणी रेडिओवर वाजत राहिली, त्यातला वाटा नट-नटींना मिळावा असा करारच नव्हता. लग्न झालेल्या बाईने काम सोडावं, आणि सोडल्यावर तिची कमाई घरात विरघळून जावी, हा रिवाज होता. यांतली एकही गोष्ट आकाशातून आली नाही. प्रत्येक गोष्ट कोणीतरी ठरवली होती आणि म्हणून ती बदलताही आली असती. दैवाचं नाव घेतलं की ठरवणारे सुटतात. शिवाय आत्मचरित्र लिहायला बसलेली पंचाहत्तरीतली बाई आपलं आयुष्य आपल्या शब्दांत मांडत होती, हे कर्तृत्वही त्या रडगाण्यात बुडून जातं.

हंसा वाडकरांचंही हेच झालं. त्यांची भूमिका असलेला अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्यात विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. तमाशातल्या बाईची देहबोली पडद्यासाठी कशी बेतायची, याचा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला आणि पुढच्या कित्येक तमाशापटांच्या नायिका त्या वाटेने गेल्या. पण त्यांचं नाव निघालं की आठवतं ते त्यांचं आत्मकथन आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी केलेला ‘भूमिका’. ‘भूमिका’ मोठा चित्रपट आहे, स्मिता पाटील यांचं काम त्यात अव्वल आहे. तरी हंसाबाईंच्या आयुष्यात किती पुरुष आले हे सांगू शकणारे शंभर जण भेटतील, त्यांनी संवाद कसा फेकला हे सांगणारा एखादाच.

जालन्याचा संबंध इथे येतो. घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे रामदासस्वामींचं जन्मगाव. तिथल्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं, शाहीर संभाजी भगत यांची संकल्पना आणि संगीत असलेलं, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये मंचावर आलं आणि शेतात राबणाऱ्या पोरांनी मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक रंगभूमीला दखल घ्यायला लावली. मराठवाड्याच्या नाटकाची ती एक उजळ घटना. या भागातल्या मुली-बायकाही विद्यापीठाच्या युवक महोत्सवातून, छत्रपती संभाजीनगरच्या नाट्यशास्त्र विभागातून, राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रांवरून पुढे येत राहिल्या. मीनाक्षी राठोड जालन्याहून निघून नाटकाच्या वाटेने ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ या मालिकेतल्या देवकीपर्यंत पोचल्या. पण अशी नावं बोटांवर मोजावी लागतात. गावात नाटक बसलं की नायिका मिळता मिळत नाही, मिळाली तर घरची परवानगी मिळत नाही, आणि दोन-चार वर्षं काम केलेली मुलगी लग्नानंतर कुठे गेली हे संस्थेच्या कोणत्याच वहीत सापडत नाही. पुरुष नटाने मंच सोडला तरी गावात तो ‘कलाकार’ म्हणून ओळखला जातो. तिने मंच सोडला की ती कोणाची तरी बायको होते.

आता काळ बदलला, मुली मालिकांत कमावतात, १९३९ चं रडगाणं कशाला, असं कोणी म्हणेल. काही मुली कमावतात, हे खरं आणि चांगलं. पण मालिकेतली कमाई मालिका चालेपर्यंत असते, आणि मालिकेपर्यंत न पोचलेल्या शेकडो जणींचं काय? ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते आणि दरमहा ५,००० रुपये देते. अर्जांची छाननी जिल्हा पातळीवरच्या समितीकडे असते. अर्जाला कलाक्षेत्रातल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात: प्रमाणपत्रं, छायाचित्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं, संस्थांची पत्रं. भजनी मंडळाच्या बुवांकडे, शाहिरांकडे हे कागद बऱ्याचदा निघतात, कारण त्यांचा सत्कार झालेला असतो आणि सत्काराचं पत्र भिंतीवर लावलेलं असतं. तमाशाच्या फडात आयुष्य काढलेली बाई, जागरणात उभी राहिलेली मुरळी, ऐंशीच्या दशकात स्पर्धेच्या नाटकात काम केलेली शिक्षिका यांच्याकडे काय निघणार? पत्रिकेवर नाव नव्हतं, असलं तर माहेरचं होतं, आणि फोटो होता तो सासरी कोणी जपला नाही. कामाची नोंद न करण्याची जी खोड शांता हुबळीकरांबाबत समीक्षेतली उणीव वाटते, ती इथे पोटावर येते.

पुराव्याची अट काढून टाका असं कोणी म्हणणार नाही. तशी काढली तर खोट्या कलावंतांची रीघ लागेल, आणि मानधनाच्या यादीत भलतेच घुसल्याची कुरकुर आजही ऐकू येते. पुरावा मागायचा असेल तर तो तयार होईल अशी सोयही हवी. हे काम पुण्याहून किंवा मुंबईहून होणार नाही; ते तालुक्याच्या पातळीवर, नाटकवाल्यांची नावं तोंडपाठ असलेल्या माणसांनीच करावं लागेल. जालना, अंबड, भोकरदन, परतूर इथल्या महाविद्यालयांत मराठीचे विद्यार्थी दर वर्षी प्रकल्प लिहितात. त्यांतले काही प्रकल्प आपल्या तालुक्यातल्या नट्यांच्या मुलाखतींचे असू द्यावेत. विचारायचे प्रश्न साधे ठेवावेत: कोणती नाटकं केली, कोणती भूमिका, कोणत्या साली, कोणत्या गावी, किती बिदागी मिळाली, गाणं कोणाकडे शिकलात, भूमिका कोणी बसवली. लग्न, सासर, दुःखं यांच्याबद्दल त्यांना सांगायचं असेल तर त्या आपणहून सांगतील. अशी मुलाखत महाविद्यालयाच्या शिक्क्यासह नोंदली गेली, तर ती मानधनाच्या अर्जाला पुरावा म्हणून चालावी, एवढा निर्णय सांस्कृतिक खात्याने घेतला तरी पुष्कळ होईल. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून सुरू आहे. तिचे केंद्रवार निकाल आणि अभिनयाच्या बक्षिसांच्या याद्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाने एका जागी, नावानिशी खुल्या केल्या, तर मराठवाड्यातल्या कित्येक जणींच्या हाती पुराव्याचा पहिला कागद घरबसल्या येईल.

चित्रपटांबाबत तर घाईच करायला हवी. प्रभातच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. २००३ साली पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या मूळ निगेटिव्हांसह बरंच काही जळून गेलं. ‘माणूस’ आपल्यापाशी उरला आहे, हे भाग्य. तो जालन्याच्या एखाद्या महाविद्यालयात, मोठ्या पडद्यावर, नाटकात काम करणाऱ्या मुलींसाठी दाखवावा. आधी शांतारामांवर व्याख्यान नको, शांताबाईंच्या म्हातारपणावरही नको. ते गाणं दोनदा दाखवावं, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि मुलींना विचारावं की भाषा बदलली हे कशावरून कळलं.